सही येते, तरी अंगठा का?

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर एक पाटी लागली. वर मराठीत नगर परिषदेचे नाव आणि त्याखाली तेच नाव उर्दूत. या खालच्या एका ओळीवर नगर परिषदेच्या एका माजी सदस्याने हरकत घेतली. नगर परिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये ती बहुमताने फेटाळली. पातुरात १९५६ पासून उर्दूचा वापर होत आला आहे आणि इथल्या पुष्कळ लोकांना ती भाषा कळते, असे नगर परिषदेचे म्हणणे होते. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी केवळ मराठीच वापरा असा आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. त्यानंतर उच्च न्यायालय, आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय! १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि उर्दूची ती ओळ वाचली.

एका तालुक्याच्या गावातील पाटीवरच्या एका ओळीसाठी पाच वर्षे आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतची वाटचाल! हाच वेळ, हाच पैसा पातूरच्या नळाच्या पाण्यासाठी, गटारांसाठी कोणी खर्च केला असता तर? पण आपल्याकडे तहानेपेक्षा लिपीचा प्रश्न लवकर पेटतो, किंबहुना तो पेटवला जातो.

निकालातील मुद्दे सरळ आहेत. भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा ही माणसांची, प्रदेशाची असते. उर्दू परकी नाही, ती याच भूमीत जन्मली. नगर परिषद हे लोकांच्या रोजच्या गरजा भागवणारे कार्यालय आहे आणि लोकांना कळेल अशा भाषेत त्यांच्याशी बोलणे हाच त्या पाटीचा हेतू आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ ने मराठी सक्तीची केली हे खरे, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास त्या कायद्याने बंदी केलेली नाही. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत.

या निकालाचे स्वागत झाले, ते योग्यच. परंतु एक वकील म्हणून मला त्याच्या मर्यादेकडे लक्ष वेधायचे आहे. न्यायालयाने उर्दू वापरण्यास मनाई नाही एवढेच सांगितले. उर्दू वापरलीच पाहिजे असे सांगितलेले नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. पाटी वाचली, पण पाटीखालच्या दारातून आत गेल्यावर जी खिडकी आहे, तिचे काय? लोकांचे काम पाटीपाशी होत नाही, ते खिडकीपाशी होते.

खिडकीपाशी काय होते?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात उर्दू ही मातृभाषा सांगणारे ५ कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांतील सुमारे ७५ लाख महाराष्ट्रात आहेत. मालेगाव, भिवंडी, कामठी, नांदेड, परभणी, अकोला, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), मुंबईचे कितीतरी मोहल्ले! ही माणसे रेशनच्या रांगेत आहेत, पोस्टाच्या बचत खात्याच्या रांगेत आहेत, तहसिलीत संजय गांधी निराधार योजनेच्या रांगेत आहेत, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी झालेल्या गर्दीतही होती.

पोस्ट ऑफिस हे केंद्र सरकारचे खाते. केंद्राच्या कार्यालयांत त्रिभाषा सूत्र चालते: प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी. महाराष्ट्रात म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी. या तिन्हींत उर्दूला जागा नाही. गंमत अशी की, याच केंद्र सरकारच्या देशात चलनी नोट उलटून पाहिली तर मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी पट्टी आहे तीत मराठीच्या जोडीला उर्दूही आहे. म्हणजे नोटेवर उर्दू चालते, पण ती नोट खात्यातून काढण्याच्या अर्जावर चालत नाही!

माझ्या एका अशील बाईंचा अनुभव सांगतो. उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेल्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पोस्टातील बचतीचे पैसे वारस म्हणून मिळावेत यासाठी अर्ज करायला गेल्या. त्यांनी अर्जावर उर्दूत स्वच्छ सही केली. काउंटरवरच्या बाबूने ती पाहिली आणि म्हणाला, "हे चालत नाही. अंगठा लावा." त्यांनी अंगठा लावला. दोन साक्षीदार शोधून आणले. कागदोपत्री त्या निरक्षर झाल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची तक्रार उशिराबद्दल नव्हती. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, पैसे तर मिळतील. पण मला लिहिता येतं हे कुणी बघितलंच नाही."

ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून तोडल्या गेल्या, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवले आणि जमिनी गमावल्या, त्या समाजाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आपल्या लोकांना अक्षर येऊ दिले नाही, म्हणून अंगठा लावावा लागला. इथे अक्षर येते, तरी अंगठा लावावा लागतो. दोन्हींत तत्त्व एकच आहे. तुझे ज्ञान ते ज्ञान नव्हे, हे ठरवण्याचा अधिकार खिडकीच्या आतल्या माणसाचा!

आणि यात सरकारचा दुटप्पीपणा पाहा. महाराष्ट्रात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मुंबई महानगरपालिका उर्दूतून शाळा चालवते. बालभारती उर्दूतून पाठ्यपुस्तके छापते. दहावीची परीक्षा उर्दूतून देता येते. म्हणजे शासन स्वतःच्या खर्चाने मुलीला उर्दूतून लिहायला शिकवते आणि ती मोठी होऊन अर्ज घेऊन आली की तेच शासन म्हणते, ही भाषा आम्हाला येत नाही!

उर्दूवाल्यांनी मराठी शिकू नये काय? जरूर शिकावी, आणि बहुतेक शिकतातही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी आली पाहिजे, यात दुमत नाही. परंतु मराठी शिकणे हे नागरिकाचे हिताचे काम आहे, ती पेन्शन मिळण्याची पूर्वअट असू शकत नाही. साठीच्या बाईला तुम्ही आधी व्याकरण शिका, मग विधवेचे पैसे घ्या असे म्हणता येत नाही.

संविधान काय म्हणते?

याबाबत संविधानाची योजना नीट समजून घेतली पाहिजे. कलम ३४५ ने राज्याला आपली राजभाषा ठरवण्याचा अधिकार दिला. त्यानुसार महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि मराठी राजभाषा झाली. पण एक भाषा राजभाषा केली म्हणून दुसरी जोडता येत नाही, असे नाही. उत्तर प्रदेशने १९८९ मध्ये उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. त्याला आव्हान दिले गेले आणि ४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बिहारने हे त्याही आधी केले होते. तेलंगणाने २०१७ मध्ये संपूर्ण राज्यासाठी केले. महाराष्ट्राने केलेले नाही.

मात्र राजभाषेचा दर्जा नसला तरी नागरिक उघड्यावर पडत नाही. कलम ३५० पाहा. आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. इथे संविधानाने 'राजभाषेत' असा शब्द वापरलेला नाही, 'वापरात असलेल्या भाषेत' असा वापरला आहे. हा फरक सहज झालेला नाही. तेव्हा उर्दूत तक्रार लिहून आणणाऱ्याला "मराठीत लिहून आणा" म्हणून परत पाठवणारा अधिकारी कलम ३५० पायदळी तुडवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुवाद करून घेण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे, तक्रारदाराची नाही.

भाषावार प्रांतरचनेनंतर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब जोडली गेली. पहिल्याने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. त्याच वर्षी केंद्राने एक निवेदन संसदेपुढे ठेवले. एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तर तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात ठरले. या गोष्टीला सत्तर वर्षे होत आली. आपल्या तालुक्यात हे निवेदन ऐकलेला एक तरी अधिकारी आहे का, याची चौकशी वाचकांनीच करून पाहावी.

उलट नवे कायदे मागे सरकले आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ हा सामान्य माणसाचे हत्यार म्हणून आपण मिरवतो. पण त्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. म्हणजे संविधान ज्या भाषेत गाऱ्हाणे मांडू देते, त्या भाषेत माहिती मागू देत नाही हा कायदा!

बाबासाहेबांची दूरदृष्टी

८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्याच्या कलम २३ वर, म्हणजे आजच्या कलम २९ व ३० वर, चर्चा झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'अल्पसंख्याक' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. हा शब्द इथे केवळ रूढ, तांत्रिक अर्थाने वापरलेला नाही, असे त्यांनी सांगितले. उदाहरण दिले ते आपलेच! मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन स्थायिक झाले, किंवा महाराष्ट्रीय लोक बंगालमध्ये जाऊन राहिले, तर ते तेथे सांस्कृतिक आणि भाषिक अल्पसंख्याक ठरतील आणि त्यांना या कलमाचे संरक्षण मिळेल, असे ते म्हणाले. म्हणूनच कलम २९ मध्ये 'नागरिकांचा कोणताही गट' असे व्यापक शब्द आले.

याचा अर्थ काय? अल्पसंख्याक ही कुणाच्या कपाळावरची कायमची खूण नव्हे. मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्य आहे, हद्द ओलांडली की अल्पसंख्य आहे.

१९५५ मध्ये लिहिलेल्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी आणखी एक इशारा दिला. भाषावार राज्यात एखाद्या मोठ्या जातसमूहाची सत्ता येईल आणि लहान समाज त्याच्या मर्जीवर जगतील, ही त्यांची भीती होती. त्या पुस्तकात प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा करण्यालाही त्यांनी विरोध केला होता आणि हिंदीचा आग्रह धरला होता. देशाने तो मार्ग स्वीकारला नाही, आणि आज तो स्वीकारावा असे मीही म्हणणार नाही. परंतु भाषेच्या नावाने उभी राहिलेली सत्ता लहान समाजाला चिरडू शकते, हे निदान खोटे ठरले आहे काय?

बेळगावला एक न्याय, मालेगावला दुसरा?

बेळगावच्या मराठी माणसाचे दुःख आपल्याला माहीत आहे. कार्यालयात गेले की सगळे कागद कन्नडमध्ये. मराठीत कागदपत्रे द्या, फलक मराठीतही लावा, ही त्यांची अनेक दशकांची मागणी आहे. त्यासाठी ते भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा, १५ टक्क्यांच्या निकषाचाच आधार घेतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमा कुठे असावी हा वेगळा वाद आहे. पण निकाल काहीही लागो, बेळगावच्या म्हातारीला आपल्या जमिनीचा कागद वाचता आला पाहिजे, यावर मराठी माणसाचे एकमत आहे. मग जो न्याय बेळगावच्या मराठीला, तोच मालेगावच्या उर्दूला का नको? एकीकडे मागायचा आणि दुसरीकडे नाकारायचा, त्याला हक्क म्हणत नाहीत, त्याला दांडगाई म्हणतात.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली, पण त्याच कायद्याने शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्यामुळे गोवा बुडाला नाही आणि कोकणीही मेली नाही.

पोस्टाचीच आणखी एक गोष्ट. १४ जुलै २०१९ रोजी पोस्टमन वगैरे पदांसाठी टपाल खात्याने परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत होती. तामिळनाडूच्या खासदारांनी राज्यसभा दणाणून सोडली. दोनच दिवसांत तत्कालीन दळणवळण मंत्री रविशंकर प्रसाद यांना परीक्षा रद्द झाल्याचे आणि ती पुन्हा तमिळसह प्रादेशिक भाषांत घेतली जाईल असे जाहीर करावे लागले. गावोगाव पत्र वाटायचे आहे, तर गावाच्या भाषेत परीक्षा हवी, इतकी साधी गोष्ट! २०२५ मध्ये महाराष्ट्रातही पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि मराठी जनतेच्या रेट्यामुळे २९ जूनला मागे घ्यावा लागला. वरून लादलेली भाषा कशी टोचते, हे आपण नुकतेच अनुभवले आहे. मग आपल्याच खिडकीपुढे उभ्या असलेल्या उर्दूभाषकाची टोचणी आपल्याला का समजू नये?

काही जण म्हणतात, उर्दू ही मुसलमानांची भाषा, तिचे लाड कशाला? त्यांनी एकदा कोर्टात यावे. वकील, कायदा, हक्क, फिर्याद, जामीन, जप्ती, कैफियत, मुद्देमाल, वकालतनामा, तारीख! महसूल खात्यात जा: जिल्हा, तालुका, तहसीलदार, वसुली, दाखला. आपल्या बापजाद्यांच्या मानेवर जे जोखड होते त्या 'वतना'चा शब्दही अरबीतूनच आला. फारसी शब्द काढून संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरीही हे शब्द मराठीच्या अंगात मुरून राहिले. हे शब्द काढले तर उर्दूचे काही बिघडणार नाही, महाराष्ट्राची कोर्ट-कचेरी मात्र मुकी होईल.

उर्दूच्या पलीकडे

हा प्रश्न उर्दूपाशी थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ लोक होते. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे. भिली गटातील भाषा बोलणारे १ कोटीहून अधिक आहेत, गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. त्या अनुसूचीत नाहीत! नंदुरबारचा भिल्ल, गडचिरोलीचा गोंड, मेळघाटचा कोरकू जेव्हा दवाखान्यात, ठाण्यात, कोर्टात उभा राहतो, तेव्हा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस शासनाच्या बाजूने असतोच असे नाही. उर्दूभाषकाकडे निदान लिपी आहे, वर्तमानपत्रे आहेत, शाळा आहेत. त्याला एवढा त्रास, तर यांचे काय होत असेल?

आणि ठाण्यात हा प्रश्न स्वातंत्र्याचा होतो. हरिकिसन नावाच्या माणसाला नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटकेत ठेवले. कारणे इंग्रजीत दिली. त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जी भाषा कैद्याला कळत नाही तिच्यात दिलेली कारणे म्हणजे न दिल्यासारखीच आहेत, आणि त्याला सोडून दिले. हाच धागा पुढे नेत ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिलीच पाहिजेत, मग गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो. आता प्रश्न असा: अटक झाल्यावर माणसाला त्याच्या भाषेत कळवणे बंधनकारक, आणि पेन्शन मागायला आल्यावर नाही? शासनाची भाषा कळण्यासाठी माणसाने आधी तुरुंगाच्या दारापर्यंत जावे काय?

खर्चाची सबब आता चालणार नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा भाषांतराचा सरकारी मंच सुरू केला. ज्या फॉर्मचे भाषांतर एकदाच करायचे आहे, त्यासाठी तिजोरी रिकामी होत नाही. उर्दू माध्यमातून शिकलेली, मराठी उत्तम जाणणारी हजारो सुशिक्षित मुले-मुली बेकार आहेत. त्यांना अनुवादक म्हणून घेतले तर कामही होईल आणि रोजगारही मिळेल.

तेव्हा आपण मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. उर्दूतील सही कोणत्याही सरकारी कार्यालयात, पोस्टात, बँकेत नाकारू नये आणि साक्षर माणसाला अंगठा लावायला भाग पाडू नये. कलम ३५० खालील निवेदने उर्दूत, आदिवासी भाषांत स्वीकारावीत व अनुवाद कार्यालयाने करावा. जिथे अल्पसंख्याक भाषकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे नगर परिषदा व पंचायत समित्यांनी ठराव करून महत्त्वाच्या योजनांचे अर्ज आणि सूचना मराठीबरोबर त्या भाषेतही छापाव्यात. पातूरच्या निकालानंतर असा ठराव बेकायदा आहे असे कोणी म्हणू शकत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ६ मध्ये दुरुस्ती व्हावी. आदिवासी तालुक्यांत ठाणे, दवाखाना आणि न्यायालय येथे दुभाषे नेमावेत. आणि राज्यसभेत तमिळ खासदार जसे उठले, तसे महाराष्ट्राच्या खासदारांनी पोस्टातील भाषेच्या प्रश्नावर उठावे.

हे काम मुस्लिम संघटनांचे आहे, आपण त्यात कशाला पडायचे, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांना एवढेच सांगायचे आहे की, कलम २९ मध्ये 'नागरिकांचा कोणताही गट' असे लिहिले आहे, आणि ते ज्यांनी लिहिले त्यांचे नाव घेऊन आपण चालतो. ज्या कार्यालयात एका समाजाची भाषा हाकलली जाते, त्या कार्यालयात दुसऱ्या समाजाचा अर्जही सन्मानाने घेतला जात नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पुढच्या महिन्यात नगर परिषदेची सर्वसाधारण सभा असेल. आपल्या नगरसेवकांच्या हातात ठरावाचा मसुदा द्या. मराठी पहिल्या ओळीत राहू द्या, दुसऱ्या ओळीत शेजाऱ्याला जागा द्या. आणि ती जागा केवळ पाटीवर नको, अर्जावर, पावतीवर आणि खिडकीवरही हवी!